स्वस्त वर्तमानपत्र आणि त्याचे दाते

विल्यम रँडॉल्फ हर्स्ट या अमेरिकन वृत्तपत्रसम्राटाचे चरित्र आपल्या सुशिक्षित समाजात दोन तऱ्हांनी सांगितले जाते. पहिली तऱ्हा वक्तृत्वस्पर्धांतील. एका पत्रापासून आरंभ करून अठ्ठावीस दैनिकांचा धनी झालेला हा पुरुष तीत उद्योगाचा आणि चिकाटीचा आदर्श म्हणून विद्यार्थ्यांपुढे उभा केला जातो. दुसरी तऱ्हा अभिरुचिसंपन्न मंडळींची. ही मंडळी हर्स्टचे नाव निघताच नाक मुरडतात; भडक मथळे, खुनांची रसभरित वर्णने, पदरच्या गप्पा आणि पेटविलेले युद्ध यांची ती आठवण देतात, आणि 'आपली मराठी पत्रे काही झाले तरी या थराला गेली नाहीत' असे म्हणून समाधानाने चहाचा पेला तोंडाला लावतात. पहिल्या पक्षाशी वाद घालण्यात अर्थ नाही. त्याला बक्षीस मिळवावयाचे असते. दुसऱ्या पक्षाशी मात्र आमचे भांडण आहे. मथळे भडक नाहीत म्हणजे हर्स्ट आपल्याकडे आलाच नाही, अशी त्याची समजूत आहे. हर्स्ट आपल्याकडे येऊन पुष्कळ वर्षे झाली. तो अकोल्यास आहे, अमरावतीस आहे, आणि रोज पहाटे आमच्या आपल्या दारात घडी घालून पडतो. तो मथळ्यातून आला नाही, एवढेच. तो किमतीतून आला.

हे समजण्यास त्याच्या चरित्रातील एकच प्रकरण पुरे आहे. १८६३ साली जन्मलेल्या या गृहस्थाचा बाप खाणींचा मोठा मालक, पुढे अमेरिकेच्या सेनेटचा सभासद. बापाच्याच मालकीचे सॅन फ्रान्सिस्कोचे 'एक्झामिनर' हे पत्र १८८७ मध्ये मुलाच्या हाती आले. बाप वारल्यावर आईने अॅनाकोंडा येथील तांब्याच्या खाणीतील आपले भाग विकून मुलास पंचाहत्तर लाख डॉलर दिले, आणि त्या बळावर १८९५ मध्ये त्याने न्यूयॉर्कचे 'जर्नल' घेतले. त्या शहरात जोसेफ पुलिट्झरचे 'वर्ल्ड' जोरात होते. त्याची किंमत दोन सेंट. हर्स्टने आपल्या पत्राची किंमत ठेवली एक सेंट, आणि पाने मात्र कमी केली नाहीत. तोटा सोसण्याची त्याची तयारी होती, कारण तोटा तांब्याच्या खाणीचा होता, पत्राचा नव्हता. पुलिट्झरच्या रविवारच्या अंकाची सबंध मंडळी त्याने दुप्पट पगारांचे आमिष दाखवून फोडली. अखेर १८९६ मध्ये पुलिट्झरलाही आपले पत्र एका सेंटावर आणावे लागले.

यापुढचा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. १८९८ च्या फेब्रुवारीत हवानाच्या बंदरात 'मेन' ही अमेरिकन युद्धनौका स्फोटाने बुडाली आणि चौकशीपूर्वीच 'जर्नल'ने स्पेनला अपराधी ठरविले. 'तुम्ही चित्रे पुरवा, युद्ध मी पुरवितो' अशा आशयाची तार हर्स्टने आपल्या चित्रकारास केल्याची गोष्ट मात्र शंकास्पद आहे. ती दुसऱ्याच एका बातमीदाराने पुढे सांगितली आणि हर्स्टने ती नाकारली. रंजक म्हणून ती प्रत्येक लेखात येते, आणि तिच्यामुळे मुख्य मुद्दा झाकला जातो. युद्ध पेटविणारा मालक हा अपवाद होय. खर्चापेक्षा कमी किमतीत पत्र विकून वाचकाला जिंकणारा, आणि जिंकलेला वाचक जाहिरातदारास व मतपेटीस विकू पाहणारा मालक हाच नियम झाला. हर्स्टने तोही प्रयत्न केला. १९०३ ते १९०७ तो अमेरिकन लोकसभेत होता. १९०५ मध्ये न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी आणि १९०६ मध्ये त्या राज्याच्या गव्हर्नरपदासाठी उभा राहून पडला. अठ्ठावीस दैनिकांच्या या धन्यास मतदारांनी गव्हर्नर होऊ दिले नाही, ही अमेरिकेच्या बाजूने सांगण्यासारखी गोष्ट आहे. १९३७ मध्ये कर्जापायी त्याचा कारभार इतरांच्या हाती गेला आणि १९५१ मध्ये तो वारला. त्याचा सॅन सिमियन येथील वाडा आता प्रवाशांना दाखविला जातो.

आता वऱ्हाडाकडे वळू. आमच्याकडील जुन्या पत्रांविषयी जी हळहळ ऐकू येते तिच्यात आम्ही सामील नाही. ती पत्रे निर्मळ होती आणि हल्लीची मलिन आहेत, हा हिशेब फार सोपा आहे. अमरावतीस बामणगावकरांचे 'उदय' होते, अकोल्यास ब्रिजलाल बियाणी यांचे 'मातृभूमि' होते. बियाणी हे सधन घराण्यातील, काँग्रेसचे पुढारी, अनेकदा तुरुंग भोगलेले. पुढे ते घटनासमितीत गेले व जुन्या मध्यप्रदेशाचे अर्थमंत्री झाले. पत्र, पक्ष आणि पद हे तिन्ही एका माणसाच्या ठायी एकत्र येण्याचा प्रकार, म्हणजे हर्स्टला जे साधले नाही ते, आमच्या अकोल्यात असे पूर्वीच घडलेले आहे. पण एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. 'मातृभूमि' कोणाचे व कोणत्या मताचे हे अकोल्यात कोणास विचारावे लागत नसे. ज्याला ते मत पटत नसे तो दुसरे पत्र घेई, किंवा 'मातृभूमि' वाचून त्यावर चार शिव्या देई. त्या काळची पत्रे मताची होती, बातमीची फारशी नव्हती. हा त्यांचा दोष खराच. दर्यापूरच्या बाजारात कापसाचा काय भाव फुटला हे कळावयास वाचकाला पत्रापेक्षा अडत्यावर अधिक भरवसा ठेवावा लागे.

हा दोष ज्यांनी काढला ते पुण्याचे डॉ. नानासाहेब परुळेकर. आणि ते तर थेट अमेरिकेतून शिकून आले होते! ज्या पुलिट्झरला हर्स्टने एका सेंटावर आणले, त्याच्याच देणगीतून कोलंबिया विद्यापीठात १९१२ मध्ये वृत्तविद्येची शाळा निघाली. त्याच विद्यापीठाचे परुळेकर डॉक्टर. १ जानेवारी १९३२ रोजी त्यांनी 'सकाळ' काढला. अग्रलेखाहून बातमी मोठी, पुढाऱ्याच्या भाषणाहून नळाला पाणी न येण्याची तक्रार मोठी, आणि भाषा अशी की भाजीवालीलाही वाचून दाखविता यावी, ही त्यांची रीत. गावोगाव त्यांनी बातमीदार नेमले. त्यांनी निवडणूक लढविली नाही, मंत्रिपद मागितले नाही. अमेरिकन विद्येतले चांगले ते घ्यावे आणि वाईट ते तिथेच सोडावे, याचे याहून चांगले उदाहरण आमच्या तरी डोळ्यापुढे नाही. परुळेकरांविषयी आम्हांस पूर्ण आदर आहे, हे येथेच सांगून टाकतो. कारण पुढे जे लिहावयाचे आहे ते त्यांच्याच एका विजयाविरुद्ध आहे.

स्वातंत्र्यानंतर न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली पहिले वृत्तपत्र-मंडळ नेमले गेले. त्याचा अहवाल १९५४ मध्ये आला. मोठी पत्रे कमी किमतीत पुष्कळ पाने देतात, त्यांच्यापुढे लहान व नवी पत्रे टिकत नाहीत, असे या मंडळास दिसून आले. म्हणून त्याने सुचविले की इतक्या किमतीस इतकीच पाने, असे कोष्टक कायद्याने बांधून द्यावे. १९५६ मध्ये तसा कायदा झाला, १९६० मध्ये त्याचा हुकूम निघाला. 'सकाळ' त्या वेळी सात नव्या पैशांत सहा दिवसांची मिळून ३४ पाने देत असे. कोष्टकाप्रमाणे सात पैशांत २४ पानेच देता येणार. ३४ द्यावयाची तर आठ पैसे आकारावे लागणार. परुळेकर सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांच्या बरोबरीने पत्राच्या वाचकांनीही अर्ज केले. १९६१ मध्ये न्यायालयाने तो कायदा व तो हुकूम घटनाबाह्य ठरविले. पाने कमी करणे म्हणजे मत कमी करणे, किंमत वाढविणे म्हणजे वाचक कमी करणे. धंद्याचे नियमन करतो असे म्हणून सरकारला भाषणस्वातंत्र्याचा संकोच करता येणार नाही, असा त्या निकालाचा सारांश होय.

हा निकाल ज्यांनी लिहिला ते न्यायमूर्ती जनार्दन रघुनाथ मुधोळकर. आमच्या तरुण वाचकांस हे नाव कदाचित अपरिचित असेल. १९१२ च्या बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्ष, अमरावतीचे प्रख्यात वकील रावबहादूर रघुनाथ नरसिंह मुधोळकर यांचे हे चिरंजीव. म्हणजे फिर्याद पुण्याची आणि लेखणी अमरावतीची! या निकालाचा आमच्याकडे अभिमान वाटावा हे साहजिक आहे. कायद्याच्या वर्गांत तो स्वातंत्र्याची सनद म्हणून शिकविला जातो, आणि न्यायशास्त्राच्या दृष्टीने त्याच्या भक्कमपणाविषयी बोलण्याचा आम्हांस अधिकार नाही. पण एक प्रश्न विचारण्यास वकील असावे लागत नाही. आठवा पैसा ज्याने वाचविला त्या वाचकाचा तोटा कोणी सोसला?

आमच्या मते तो सोसला जिल्ह्याच्या पत्राने. ज्याच्यापाशी भांडवल आहे, ज्याला मोठ्या शहरांतील जाहिरात मिळते, ज्याचा तोटा भरून काढणारा दुसरा धंदा आहे, त्याला किंमत पाडण्याची मोकळीक म्हणजे तांब्याच्या खाणीला मोकळीक. एका गावच्या वाचकांवर आणि तालुक्याच्या चार जाहिरातींवर चालणाऱ्या पत्रास ती मोकळीक असून नसल्यासारखी आहे. परुळेकरांनी हा हक्क आपल्या सचोटीच्या पत्रासाठी मागितला; पण न्यायालयाने दिलेला हक्क सचोटी पाहून वाटला जात नाही. १९७२ मध्ये कागदवाटपाच्या धोरणावरून बेनेट कोलमन कंपनीचा खटला झाला. त्यात बहुमताने पुन्हा मालकांच्या बाजूने निकाल लागला, आणि न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी एकट्याने भिन्नमत लिहिले. पुढे तेच दुसऱ्या वृत्तपत्र-मंडळाचे अध्यक्ष झाले. १९८२ मध्ये त्या मंडळाने किंमत व पाने यांचे कोष्टक पुन्हा मागितले, आणि ती मागणी कपाटात पडून राहिली.

आणि 'सकाळ'चे काय झाले? परुळेकर १९७३ मध्ये वारले. १९८५ मध्ये पत्राची सूत्रे पवार कुटुंबाकडे गेली, म्हणजे महाराष्ट्रातील एका अग्रगण्य राजकीय घराण्याकडे. इकडे आमच्या यवतमाळास १९१८ मध्ये लोकमान्यांनी नाव दिलेले 'लोकमत' हे साप्ताहिक निघाले होते. ते पुढे जवाहरलाल दर्डा यांनी पुन्हा चालविले आणि १५ डिसेंबर १९७१ पासून नागपुराहून दैनिक केले. दर्डा हे स्वातंत्र्यसैनिक, आणि महाराष्ट्राच्या अनेक मंत्रिमंडळांत मंत्री. त्यांच्या पुढच्या पिढीतही खासदारकी व मंत्रिपद आले. या दोन्ही पत्रांत चांगले बातमीदार आहेत, उत्तम लिखाण छापले जाते, आणि आम्हीही ती वाचतो. कोणावर बालंट घेण्याचा आमचा हेतू नाही. परंतु मराठी वाचकाची सकाळ ज्यांच्या हाती आहे त्यांत निवडणुका लढविणारी घराणी आहेत, ही वस्तुस्थिती आहे, आणि तिच्याविषयी आमच्या सुशिक्षित घरांत जेवढे कुतूहल असावे त्याच्या शतांशही नाही.

कुतूहल नसण्याचे कारण सांगू काय? आमचे सर्व लक्ष बादलीकडे असते. वर्षाची वर्गणी एकदम भरली की बादली, डबा किंवा छत्री मिळते. पहिल्या पानाच्या कोपऱ्यातील कूपने कापून तक्त्यावर चिकटविली की सोडतीत मोटारगाडीची आशा असते. प्राध्यापकाच्या, वकिलाच्या, डॉक्टरच्या घरी ही कात्री चालते. महिनाअखेर पत्रवाल्याचे बिल आले की गृहिणी मनात त्यातून रद्दीचा भाव वजा करिते, आणि पत्र जवळजवळ फुकट पडले म्हणून संतोष पावते. ज्या मालाचा कागदसुद्धा त्याच्या किमतीत येत नाही तो माल आपल्याला कोण आणि का देतो, हा प्रश्न भाजीच्या जुडीपाशी तासभर घासाघीस करणाऱ्या या घरांत कधी निघत नाही. पत्र हा माल नव्हे. माल आपण आहोत, आणि तो विकला जातो तेव्हा आपल्याला बादली मिळते.

या व्यवहाराचे खरे ओझे कोण वाहतो, हे मोठ्या शहरात बसून दिसत नाही. ते धारणीस, अकोटास, मूर्तिजापुरास दिसते. तालुक्याचा वार्ताहर हा आमच्या वृत्तपत्रसृष्टीतील सर्वांत उपेक्षित प्राणी आहे. त्याला पगार म्हणावा असा नसतो. मानधन मिळालेच तर त्यातून मोटारसायकलचे पेट्रोलही सुटत नाही. त्याची खरी मिळकत जाहिरातीवरील कमिशनाची. आमदाराचा वाढदिवस, सभापतीचा वाढदिवस, बाजारसमितीच्या संचालकाचा वाढदिवस, पतपेढीच्या अध्यक्षाची षष्ट्यब्दी, असे त्याचे पंचांग असते. ज्या गृहस्थाकडे सोमवारी शुभेच्छांच्या अर्ध्या पानासाठी हात पसरावयाचा, त्याच्याच सोसायटीच्या कर्जवाटपातील घोटाळ्याची बातमी त्याने मंगळवारी द्यावी, अशी आपली अपेक्षा! तो देत नाही म्हणून आपण त्याला लाचार म्हणतो. आम्ही अशा वार्ताहरांपैकी कित्येकांना महाविद्यालयात शिकविले आहे. ती मुले लाचार नव्हती. ज्या पत्राला वाचकाकडून खर्च मिळत नाही, त्याने आपल्या बातमीदाराचा पगार बातमीच्या विषयाकडूनच वसूल करण्याची सोय केली आहे, इतकेच.

याचे फळ २००९ च्या विधानसभा निवडणुकीत उघड दिसले. उमेदवारांच्या स्तुतीचे तेच ते मजकूर, कोठे शब्दशः, वेगवेगळ्या पत्रांत बातमी म्हणून छापून आले. 'विकत घेतलेली बातमी' हा प्रकार 'हिंदू' पत्राचे पी. साईनाथ यांनी उजेडात आणला, आणि २०१० मध्ये प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने त्याचा अहवाल तयार केला. कौन्सिलने त्याचा प्रथम बारा-तेरा पानांचा गोषवाराच तेवढा प्रसिद्ध केला. मूळ अहवालातील नावे पुढे बाहेर यावी लागली. हर्स्टने निदान स्वतःची प्रचारपत्रे स्वतःच्या खर्चाने छापिली होती. आमच्याकडे ती उमेदवाराच्या खर्चाने छापून वाचकाला बातमी म्हणून विकली गेली. गुरूला शिष्याने मागे टाकले म्हणावयाचे ते असे.

याच साईनाथांचे नाव त्यापूर्वी वऱ्हाडाला ठाऊक झाले होते ते शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे. आमच्या स्थानिक पत्रांनी त्या बातम्या दिल्याच नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांनी त्या दिल्या, एकेक करून दिल्या. अकोल्याच्या 'देशोन्नती'सारख्या पत्राने कापूसवाल्याचे गाऱ्हाणे हा आपला विषयच केला. पण गाव, नाव, वय आणि विष हे चार शब्द छापले गेल्यावर पाचवा प्रश्न, म्हणजे त्या घराचे देणे कोणाचे होते, बियाणे कोणी विकले, पतपुरवठा का आटला, हा बहुधा अनुत्तरित राही. तो विचारावयास एक माणूस एका खेड्यात चार दिवस राहावा लागतो, आणि त्या चार दिवसांची भाकरी कोणीतरी द्यावी लागते. २००६ च्या जुलैच्या तोंडावर पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम व वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. सहापैकी पाच जिल्हे आमच्या वऱ्हाडातले. ही आपत्ती देशाच्या कानी घालण्याचे काम दूरच्या इंग्रजी पत्राच्या बातमीदारावर पडावे, आणि आमच्या दारात रोज दोन-दोन मराठी दैनिके येऊन पडत असावीत, या विसंगतीकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

मग १९६० चे कोष्टक परत आणावे काय? नाही. जून १९७५ मध्ये दिल्लीतील छापखान्यांची वीज ज्या रीतीने तोडली गेली ती पाहिलेल्या पिढीने सरकारच्या हाती पानांची मोजपट्टी देऊ नये. न्यायमूर्ती मुधोळकरांची भीती खोटी नव्हती. परंतु जे काम कायद्याने करू नये म्हणून आपण हट्ट धरला, ते आपण स्वतःही केले नाही, ही आमची तक्रार आहे. पत्रांनी मालकीविषयीचे निवेदन दरवर्षी मार्चच्या आरंभी छापावे असा नियम १९५६ मध्ये झाला. मालकाचे नाव, राष्ट्रीयत्व आणि पत्ता एवढे त्यात मुंगीच्या पावलांएवढ्या टाइपात येई. त्याचे इतर धंदे कोणते, त्याच्या घरात कोणते पद आहे, वर्षात सरकारी जाहिरातीचे किती रुपये आले, हे त्यात विचारलेलेच नव्हते. ते वाचकांनी विचारावे. आणि जे जिल्ह्याचे पत्र आपले बातमीदार पगारावर ठेवील, वाढदिवसांची पुरवणी काढणार नाही, आणि अंकाची खरी किंमत सांगेल, ती किंमत चहाच्या कपाइतकी किंवा त्याहून अधिक असली तरी द्यावी.

यावर आम्हांस एक उत्तर नेहमी मिळते. तुमचे ठीक आहे, तुम्हांला महिन्याचा पगार आहे. पण एवढे महाग पत्र खेड्यातला कास्तकार घेईल काय? कास्तकाराच्या नावाने आपली बादली वाचविण्याचा हा प्रकार जुना आहे. १९६१ मध्येही गरीब वाचकाचेच नाव घेतले गेले होते. ज्यांनी मूर्तिजापूरच्या एस.टी. स्थानकासमोरील हॉटेलात सकाळचा एक तास काढला असेल त्यांनी पाहिले असेल की तेथे एक अंक येतो, त्याची पाने सुटी होतात, एक पान पानटपरीवर जाते, एक न्हाव्याकडे, बाजारभावाचे पान तर हातोहात फिरून दुपारपर्यंत फाटते. वीसपंचवीस माणसे तो एक अंक वाचतात आणि पैसे एकटा हॉटेलवाला देतो. त्याला अंकामागे पाच रुपये अधिक पडले तर वाचणाऱ्यामागे तीन-चार आणे पडतील. पत्र विकत घेऊन घरी एकट्याने वाचणारा, त्याची घडी न मोडता रद्दीत टाकणारा, आणि किंमत एका रुपयाने वाढली की पत्र बंद करण्याची धमकी देणारा वाचक खेड्यात राहत नाही. तो आमच्या कॅम्पात, रुक्मिणीनगरात आणि अकोल्याच्या रामदासपेठेत राहतो.